फेस्टस लव्हेलची वकिली

किलवार्न्यात वकिलाची पाटी एकच, ग्रॉन्या डर्कनची, आणि तिच्या दाराची घंटा वाजवली की तिथूनच फी सुरू होते असा गावाचा पक्का समज. म्हणून गावाची निम्मी वकिली चालायची शेतकरी सोसायटीच्या दुकानात. एका बाजूला मेंढ्यांच्या जंतांची औषधं, दुसऱ्या बाजूला कुंपणाच्या तारेची बंडलं, मध्ये काउंटर आणि काउंटरमागे फेस्टस लव्हेल. उंच, जरा वाकलेला, कानामागे पेन्सिल. खताचं पोतं गाडीत टाकून द्यायचा आणि हात झटकता झटकता वहिवाटीच्या वाटेवर निकालही द्यायचा.

"फेस्टस, शेजाऱ्याच्या झाडाची फांदी माझ्या शेडवर आलीये. तोडू का?"

"तोड की. पण तोडलेली फांदी त्याची. ती त्याला परत द्यायची."

"म्हणजे मी घाम गाळायचा आणि त्याला फुकटचं सरपण?"

"कायदा आहे, बाबा. मी नाही केला."

बुधवारी पेपर यायचा. पहिल्या पानावर मंत्री असोत नाहीतर महापूर, गाव उघडायचं ते मधलं पान, कोर्टाचं. कोणाला किती दंड झाला, कोणाचं नाव छापून आलं, आणि कोणाचं येता येता राहिलं. मग दुकानात बाक भरायचा. ट्रॅक्टर पिऊन चालवला त्याला शिक्षा आणि गाडी पिऊन चालवली त्याला नुसती तारीख, हा कुठला न्याय, असं कोणीतरी तावातावाने विचारायचं आणि सगळे काउंटरकडे बघायचे. फेस्टस पेन्सिल काढायचा, कागदावर एक रेघ मारायचा, आणि सांगायचा. त्याचं बऱ्याचदा बरोबर असायचं. हे मुद्दाम सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची गोष्ट ऐकून तुम्ही म्हणाल की हे गावच खुळ्यांचं.

लोक त्याला 'वकीलसाहेब' म्हणायचे. तो "काहीतरीच काय!" म्हणून हात हलवायचा आणि मानेपर्यंत लाल व्हायचा. मी वकील आहे, असं त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकलं नाही. मी वकील नाही, असंही कोणी ऐकलं नाही. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत तो तीसेक वर्षं आरामात राहिला.

खरं काय ते असं. तरुणपणी तो डब्लिनला कायदा शिकायला गेला. कॉलेज पार पडलं. पण वकिलीच्या धंद्यात शिरायला जी प्रवेशपरीक्षा असते, तिच्या दाराशी तो अडकला. एकदा बसला, नापास. पुन्हा बसला, नापास. तिसऱ्या वेळी तर निकाल बघायलाही गेला नाही, मित्राने येऊन सांगितलं. त्याच महिन्यात बाप शिडीवरून पडला आणि फेस्टस घरी आला. आईने चर्चबाहेर चार बायकांना सांगितलं, "बापासाठी पोरानं वकिली सोडली हो." बाप दोन महिन्यांत बरा झाला, पुढे वीस वर्षं लग्नांत नाचला. फेस्टस मात्र काउंटरमागे राहिला, आणि आईचं ते वाक्य त्याने कोटासारखं अंगावर चढवलं ते चढवलं.

महिन्यातून एकदा गावच्या कोर्टात खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशबाई यायच्या. त्या दिवशी फेस्टस रजा टाकायचा आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसायचा. कोणत्या गुन्ह्याला बाई काय देतात, कोणत्या सबबीवर भुवया चढवतात, सगळं त्याला पाठ. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस म्हणतात तो हाच, पण पिवळा रंग त्याला शोभायचाही.

फक्त एकदा तो जरा फिका पडला. किलगॅलनबाई अंड्यांचे ट्रे घ्यायला आल्या त्या नाचतच. "फेस्टस, आमचा पोरगा उल्टन सैतान झाला!" डब्लिनात नव्या बॅरिस्टरला वर्षभर एखाद्या ज्येष्ठाच्या मागे फायली उचलत फुकट राबावं लागतं, आणि अशा उमेदवाराला तिथे सरळ सैतानच म्हणतात. फेस्टसने बाईंना सगळं समजावून सांगितलं. पहिली पाच वर्षं उपासमार, मग हळूहळू कामं, मग नाव. "तुला सगळंच ठाऊक रे," किलगॅलनबाई म्हणाल्या, "तू राहिला असतास तर आज जज असतास." फेस्टसने अंड्यांचा एक ट्रे जास्तीचा बांधला आणि गोदामात जाऊन उगाचच पोती मोजत बसला.

आता डेलियाचं.

डेलिया रुएन फेस्टसच्याच गल्लीतली, शाळेत एका बाकावरची. लग्न केलं नाही. भाऊ माइल्स आणि ती, दोघंच त्या घरात. माइल्सच्या किडन्या गेल्यापासून ती त्याला दिवसाआड कॅसलबारच्या हॉस्पिटलात न्यायची, रक्त धुऊन घ्यायला. सकाळी त्या वेळेला बस नाही. टॅक्सी परवडत नाही. डेलियाची गाडी हीच माइल्सची जीवनदोरी, आणि ती चालवणारी डेलिया. तो स्वतः चालवू शकत नव्हता, येताना त्याचं डोकं गरगरायचं. गाडी नसेल तर त्याला कॅसलबारच्या वृद्धाश्रमात राहावं लागेल, असं हॉस्पिटलच्या नर्सने एकदा सहज सांगितलं होतं, तेव्हा माइल्स आठवडाभर जेवला नव्हता.

एका सोमवारी डेलियाच्या गाडीचा क्लच गेला. अंगणात माइल्सची जुनी व्हॅन उभी होती, पण तिचा विमा माइल्सच्या नावावर. डेलिया दुकानात आली, हातात स्वतःच्या विम्याचा कागद.

"फेस्टस, यात लिहिलंय की मी दुसऱ्याची गाडी चालवू शकते. माइल्सची व्हॅन चालेल का? हे मागचं बारीक काय ते मला कळत नाही. बघतोस?"

दुकानात गर्दी होती. बाकावर चार जण बसले होते आणि चौघंही ऐकत होते. फेस्टसने कागद हातात घेतलाच नाही.

"ठेव तो कागद पर्समध्ये. विमा माणसाचा असतो, डेलिया, गाडीचा नाही. चार चाकं असली म्हणजे झालं. बिनधास्त चालव."

"नक्की?"

"मी सांगतोय ना."

बाकावरच्या एकाने मान डोलावली. फेस्टसला बरं वाटलं. खरं सांगायचं तर त्या मान डोलावण्यासाठीच तो इतक्या झटकन बोलला होता. कागदाच्या मागे काय लिहिलं होतं ते कोणालाही वाचता आलं असतं: दुसऱ्याची मोटार चालेल, व्हॅन चालणार नाही.

बुधवारी पोलिसांनी नाक्यावर व्हॅन थांबवली. पोलिसाने कागद उलटा केला, वाचला, आणि फार अदबीने सांगितलं की बाई, तुमचा विमा नाही. माइल्स शेजारच्या सीटवर बसून ऐकत होता. समन्स आलं.

डेलिया पुन्हा दुकानात आली. ती चिडली असती तर फेस्टसला सोपं गेलं असतं. पण ती चिडली नाही. तिने फक्त विचारलं, "आता रे?"

इथे माणसाने काय म्हणायला हवं होतं? म्हणायला हवं होतं, डेलिया, माझं चुकलं, ग्रॉन्याकडे जा. फेस्टसच्या जिभेवर ते आलंही होतं. पण एकदा चूक कबूल केली की मग मागच्या तीस वर्षांचं काय करायचं? त्याने पेन्सिल काढली.

"घाबरू नकोस. वकिलावर पैसे घालवू नकोस. सरळ उभी राहा, गुन्हा कबूल म्हण, आणि म्हण की गरिबांच्या पेटीत काही टाकायची तयारी आहे. पहिलीच चूक, वर तोंड बघून कोणीही सोडील तुला."

ही पेटी आमच्याकडे फार जुनी. किरकोळ गुन्हा असला, माणूस ओशाळलेला दिसला, तर जज म्हणतात, पेटीत काहीतरी टाक आणि घरी जा. पैसे कुठल्यातरी धर्मादाय संस्थेला जातात, गुन्ह्याची नोंद होत नाही. गल्लीत भांडलेले, रस्त्यात ओरडलेले, असे कितीतरी जण त्या पेटीमुळे ताठ मानेने चर्चला येतात. फेस्टसने अशी प्रकरणं शेवटच्या बाकावरून डझनांनी पाहिली होती.

"आणि जास्त बोलू नकोस," तो म्हणाला. "माइल्सचं रडगाणं बाईंना आवडत नाही. जितकं कमी बोलशील तितकं बरं."

"बरं," डेलिया म्हणाली.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. डेलिया चढली ती निळा कोट घालून, केस विंचरून. फेस्टस शेवटच्या बाकावर होता. तिचं नाव पुकारलं. गुन्हा कबूल, ती म्हणाली. मग घसा साफ करून म्हणाली, "बाईसाहेब, मला गरिबांच्या पेटीत काही टाकायचंय."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

डेलियाने कोटाचं बटण चाचपलं.

"वकील केलाय का?"

"नाही, बाईसाहेब. एका जाणकार माणसानं सांगितलं."

कोर्टात हसू फुटलं. मोठ्याने नाही, पण सगळीकडून. डेलियाने मागे वळून पाहिलं नाही. शेवटच्या बाकाकडे वळून बघायला तिला काय झालं असतं! पण ती समोर बघत राहिली, आणि फेस्टस आपल्या बुटांकडे.

"त्या जाणकाराला सांगा," बाई म्हणाल्या, "की अशा गुन्ह्यांसाठी कायद्याने शिक्षा ठरवून दिलेली आहे आणि तिथे पेटीची पळवाट चालत नाही. डब्लिनच्या हायकोर्टाने सांगून वर्षं झाली. आता, लायसन रद्द करू नये असं काही खास कारण आहे तुमच्याकडे? कोणी आजारी, काही अडचण?"

बाई खरंच वाट बघत होत्या. त्यांनी दार उघडून धरलं होतं, एवढं फेस्टसलाही कळलं. त्याला ओरडावंसं वाटलं, सांग ना, माइल्सचं सांग! डेलियाने ओठ मिटले, उघडले, पुन्हा मिटले.

"नाही, बाईसाहेब," ती म्हणाली. जास्त बोलू नकोस, असं तिला सांगितलेलं होतं.

दंड, आणि दोन वर्षं लायसन रद्द.

बुधवारच्या पेपरात मधल्या पानावर ते आलं. मथळा पेटीचाच होता. 'जाणकार माणूस' हे शब्द अवतरणात. दुकानात त्या दिवशी बाकावर कोणी तो विषय काढला नाही. लोकरीचे भाव, फुटबॉलचा सामना, कोणाच्या तरी बैलाचा पाय. फेस्टसला वाटलं, बरं झालं, कोणाला कळलं नाही की तो जाणकार म्हणजे मी. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याच संध्याकाळी डेलिया कोंबड्यांचं खाद्य घ्यायला आली. पायी आली होती. पोतं खांद्यावर घ्यायला निघाली तेव्हा फेस्टस म्हणाला, "मी आणून टाकतो."

"नको. चालायची सवय करायला हवी," ती म्हणाली, आणि हसली. टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर त्याला रात्री झोप तरी लागली असती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो ग्रॉन्या डर्कनच्या दाराशी गेला आणि घंटा वाजवली. ग्रॉन्या तिशीतली, फेस्टसच्या काउंटरवर लहानपणी चॉकलेटं घ्यायला यायची. ती त्याला 'फेस्टसकाका' म्हणायची.

"डेलियाच्या केसचं अपील होईल का गं?"

"होईल. ती आली होती. अपील घालणार आहोत, वरच्या कोर्टात, कॅसलबारला. निकाल लागेपर्यंत तिला गाडीही चालवता येईल. पण काका, माइल्सच्या आजाराच्या जोरावर सगळंच निभेल असं नाही. मला दाखवायचंय की तिला मनापासून वाटत होतं आपला विमा आहे. कोणीतरी तिला तसं सांगितलं असणार. मी विचारून विचारून थकले. ती म्हणते, 'आठवत नाही.'"

फेस्टसने टेबलावरचा कागदाचा गठ्ठा सरळ केला. तो आधीच सरळ होता.

"लोक असं म्हणतात खरं," तो म्हणाला, "की विमा माणसाचा असतो."

"कोण लोक?"

ग्रॉन्या त्याच्याकडे बघत राहिली. तिला सगळं माहीत असावं. आज वाटतं, तिला पहिल्यापासून माहीत होतं, ती फक्त त्याला स्वतःहून बोलायची जागा देत होती.

"मी सांगितलं," तो म्हणाला. "पेटीचंही मीच. कमी बोल असंही मीच."

"कोर्टात सांगाल?"

"शपथेवर?"

"शपथेवर. आणि सरकारी वकील विचारणार, तुम्ही कोण? वकील आहात का? काय शिकलात?" तिने आवाज खाली आणला. "त्याची उत्तरं द्यावी लागतील, काका. गावातले लोक येतील तिथे. डेलियासाठी येतील."

"बघतो," फेस्टस म्हणाला.

तो बघतो म्हणाला आणि पुढचे दिवस त्याने फार वाईट काढले. कधी वाटायचं, तब्येतीचं कारण सांगावं. कधी वाटायचं, डेलिया नाव घेत नाही तर आपण कशाला हात दाखवून अवलक्षण करून घ्या! आणि हा विचार मनात आला की त्याला स्वतःची अशी किळस यायची की तो हातातलं काम टाकून बाहेर जाऊन उभा राहायचा. खुर्चीवर बसलेला माइल्स, मांडीवर घडी केलेलं ब्लँकेट, खिडकीतून गल्लीकडे बघणारा, त्याला रोज जाता-येता दिसायचा. माइल्स हात हलवायचा. फेस्टसही हलवायचा. असं तोंड घेऊन माणसाने कोणाला हात कसा हलवावा!

अपीलाच्या दिवशी तो सगळ्यात आधी कॅसलबारच्या कोर्टात पोचला. किलवार्न्याचे लोक आले, बाकं भरली. किलगॅलनबाईंनी हॅमची सँडविचं बांधून आणली होती, जणू सहलच. ग्रॉन्याने डेलियाच्या आधी फेस्टसलाच बोलावलं.

बायबल हातात दिलं. शपथ झाली. ग्रॉन्याने विचारलं, त्याने सांगितलं: विम्याचा कागद तिने पुढे केला होता, मी वाचला नाही, बिनधास्त चालव म्हणालो. आपला आवाज आपला नाही असं त्याला वाटत होतं. मग सरकारी वकील उठला. किडकिडीत, थंड माणूस.

"मिस्टर लव्हेल, तुम्ही वकील आहात?"

"नाही."

"कायद्याचं शिक्षण?"

"कॉलेज केलं. पुढची प्रवेशपरीक्षा पास झालो नाही."

"किती वेळा बसलात?"

"तीनदा."

"आणि उदरनिर्वाह?"

"सोसायटीच्या दुकानात. खत, खाद्य, तारा."

"मग गावातल्या लोकांना कायद्याचा सल्ला तुम्ही कोणत्या अधिकाराने देता?"

"कुठल्याच नाही," फेस्टस म्हणाला. इथे थांबला असता तरी चाललं असतं. पण एकदा बांध फुटल्यावर तो थांबला नाही. "मी वकिली सोडून बापासाठी परत आलो, असं गावाला वाटतं. ते खरं नाही. मी नापास झालो होतो. गावाला तसं वाटू दिलं मी. डेलियानं मला वकील समजून विचारलं, आणि मी ते समजू दिलं."

बाकांकडे त्याने एकदाही बघितलं नाही. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं, पण कोर्टाची जमीन सिमेंटची होती. तो खाली उतरून बसला. मान खाली असूनही एका गोष्टीने त्याला जरा धीर दिला: आपण डेलियासाठी एवढं तरी केलं.

मग डेलिया. निळा कोट तोच. तिने माइल्सचं सांगितलं, या वेळी सगळं सांगितलं. सरकारी वकील उठला.

"तुमची समजूत अशी होती की मिस्टर लव्हेल वकील आहेत?"

ग्रॉन्याचं पेन थांबलं. हो म्हटलं की गाडी रुळावर होती. वकिलाचा सल्ला मानला, साधी बाई, प्रामाणिक समज. डेलियाने बायबलकडे पाहिलं, मग एकदा फेस्टसकडे.

"नाही, साहेब," ती म्हणाली. "तो वकील नाही हे मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"तो डब्लिनहून परत आला त्याच आठवड्यापासून. त्याची आई आमच्या स्वयंपाकघरात बसून रडली होती."

"आणखी कोणाला माहीत होतं?"

डेलियाने बाकांवरून नजर फिरवली. कोणीतरी खोकलं. किलगॅलनबाईंनी सँडविचच्या डब्याचं झाकण लावलं.

"सगळ्यांना," ती म्हणाली.

फेस्टसला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग त्याने वर पाहिलं. बाकांवरची एकूण एक माणसं दुसरीकडे बघत होती. खिडकीकडे, छताकडे, आपल्या नखांकडे. त्या न बघण्यात इतकी सराईत माया होती की त्याला कळलं, हे लोक तीस वर्षं असंच दुसरीकडे बघत आले आहेत. 'वकीलसाहेब' म्हणताना, 'जज असतास' म्हणताना, पेपर आल्यावर बैलाच्या पायाबद्दल बोलताना. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते त्याला त्या बाकावर कळलं. पकडलं जाण्याची लाज त्याने पत्करली होती. पण पकडायला काही उरलेलंच नव्हतं.

"मग," आता न्यायमूर्तींनीच पुढे वाकून विचारलं, "वकील नाही हे माहीत असलेल्या माणसाचं तुम्ही का ऐकलंत, बाई?"

"साहेब, आम्ही सगळेच त्याला विचारतो. त्याचं बहुतेक बरोबर असतं." ती जरा थांबली. "आणि विचारलं की त्याला फार बरं वाटतं."

कोणी हसलं नाही.

"पण विम्याचं त्याचं म्हणणं तुम्हाला खरं वाटलं होतं?"

"हो, साहेब. अगदी खरं वाटलं. नाहीतर माइल्सला घेऊन मी निघालेच नसते."

न्यायमूर्तींनी बराच वेळ काही लिहिलं. मग म्हणाले, समज शहाणपणाची होती का, हा प्रश्न माझ्यापुढे नाही. प्रामाणिक होती का, एवढंच मला बघायचंय, आणि या बाईंनी स्वतःच्या गैरसोयीचं उत्तर शपथेवर दिलेलं मी आत्ताच ऐकलंय. घरच्या आजाराचीही मी दखल घेतो. दंड कायम. लायसन रद्द करायचा हुकूम मागे.

बाहेर पायऱ्यांवर सगळ्यांनी डेलियाचे हात हातात घेतले. फेस्टसच्याही खांद्यावर हात पडले. "छान बोललास रे." "धीर लागतो त्याला." कोणीतरी सँडविच पुढे केलं. त्याने घेतलं आणि खिशात ठेवलं, कारण घास गिळला नसता.

डेलियाला घरी सोडायचं त्याच्याकडे होतं. कॅसलबार मागे पडलं. मग तोच म्हणाला, "लायसन गेलं असतं, डेलिया. एका शब्दानं गेलं असतं. हो म्हणायचंस ना!"

"तेच ठरवलं होतं," डेलिया म्हणाली. "रात्रीच ठरवलं. म्हणणार होते, हो साहेब, मला तो वकीलच वाटला. शपथ मोडल्याचं पाप चर्चमध्ये पाद्र्यापुढे कबूल करून फेडलं असतं. तुझीही लाज राहिली असती आणि माइल्सही घरी राहिला असता."

"मग?"

"मग तू आधी उभा राहिलास आणि सगळं खरंखरं बोलून टाकलंस." ती पर्सचा पट्टा नीट करत होती. "म्हटलं, फेस्टसनं असं केलंय म्हणजे असंच करायचं असणार."

फेस्टसने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. म्हणजे तिसऱ्यांदाही ती त्याच्यावरच विसंबून उभी राहिली होती. आपण तिच्यासाठी जी एकच चांगली गोष्ट केली असं त्याला वाटलं होतं, त्याच गोष्टीने डेलियाला खड्ड्याच्या काठावर नेलं होतं, आणि वाचवलं ते एका परक्या न्यायमूर्तीने. त्याने दोन्ही हात चाकावर ठेवले. तिच्याकडे बघायची त्याला हिंमत होईना.

"डेलिया, यापुढे मला काही म्हणजे काही विचारत जाऊ नकोस."

"बरं," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "हा सल्ला तरी नक्की बरोबर आहे ना?"

तिला हसू आलं, आणि आलं ते आवरेना. ती हसत होती तोवर फेस्टस मान खाली घालून बसून राहिला. मग तिने त्याच्या दंडावर हलकेच चापट मारली आणि म्हणाली, चल आता, माइल्स खिडकीत बसला असेल.